डिझाइन करणाऱ्याने कारागिराला काय विचारावे आणि काय सांगावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्पादनाचे डिझाइन करणारा एक तरुण अभियंता लिहितो की ड्रॉइंग पक्के करण्यापूर्वी तो मशिनिस्ट, वेल्डर आणि जोडणी करणाऱ्या कामगारांना बैठकीला बोलावतो, पडद्यावर मॉडेल फिरवून दाखवतो आणि काही अडचण आहे का असे विचारतो. तेव्हा सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात. काम सुरू झाले की मात्र जॉब (मशीनवर घडवायचा भाग) धरता येत नाही, पाना फिरत नाही, वेल्डिंगनंतर फ्रेम वाकते, अशा तक्रारी तीच माणसे करतात, किंवा कोणालाही न सांगता आपल्या पद्धतीने बदल करून मोकळी होतात. त्यांना ठाऊक असलेले वेळेवर कसे कळावे, वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या माणसाला अभियंत्याने शिकवण्यासारखे काही असते का, आणि भाग दूरच्या पुरवठादाराकडे बनत असतील तर हे सारे कसे साधावे, असे त्याचे तीन प्रश्न आहेत. डिझाइन ऑफिस आणि वर्कशॉप या दोन्ही ठिकाणी मी बराच काळ काम केले आहे. त्या आधारावर उत्तर देतो.

बैठकीतल्या त्या ‘ठीक आहे’मध्ये सहसा लबाडी नसते आणि उदासीनताही नसते. पडद्यावरचे मॉडेल हे काम पूर्ण झाल्यानंतरचे चित्र असते, आणि कारागिराचे बहुतेक ज्ञान काम चालू असतानाचे, म्हणजे क्रमाचे असते. आधी कोणती बाजू करायची, ती करताना जॉब कुठे धरायचा, दुसऱ्या सेटिंगला उलटा केल्यावर कोणत्या पृष्ठभागावर टेकवायचा, मधल्या एखाद्या टप्प्यावर तो किती लवचिक होऊन बसतो, या गोष्टी तयार आकारात कुठेच दिसत नाहीत. त्यामुळे ‘यात काही चूक दिसते का?’ या प्रश्नावर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच येते. प्रश्न बदलला की उत्तरे बदलतात. ‘हा जॉब तुमच्याकडे आला तर पहिल्यांदा कुठे धराल?’ एवढे विचारून गप्प बसावे. माणूस हातात नसलेला ठोकळा वाइसमध्ये धरल्यासारखा हात करतो, मग थांबतो, आणि दोन मिनिटांत म्हणतो की वरचा खिसा (धातूत कोरलेली पोकळ जागा) आधी कोरला तर ही बाजूची भिंत इतकी पातळ उरेल की खालच्या बाजूसाठी धरताना ती दबेल. तुमच्या डिझाइनचे परीक्षण तिथे सुरू होते.

खिशाच्या कोपऱ्यांचे उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे असे मानले जाते आणि तरीही अर्धेच ठाऊक असते. गोल फिरणाऱ्या कटरने आतला कोपरा काटकोनात निघत नाही, हे प्रत्येक अभियंता पहिल्या वर्षातच शिकतो, म्हणून तो कोपऱ्याला ५ मिमी त्रिज्या देतो आणि १० मिमी व्यासाचा कटर नेमका बसेल असे समजून समाधान मानतो. मिलिंग करणाऱ्याला मात्र तो कोपरा नकोसा असतो. कटरची त्रिज्या आणि कोपऱ्याची त्रिज्या एकच असली की कटर कोपऱ्यात पोचताच एकदम मोठ्या भागाने धातूला भिडतो, दिशा बदलताना क्षणभर थबकतो, थरथरतो आणि कोपऱ्यात लाटांसारख्या खुणा ठेवतो. तीच त्रिज्या ६ मिमी केली तर कटर वळण घेत जातो, वेग कमी करावा लागत नाही आणि पृष्ठभाग स्वच्छ निघतो. एका मिलिमीटरचा हा फरक बहुतेक उत्पादनांत कार्याच्या दृष्टीने निरर्थक असतो, पण मशीनवर प्रत्येक नगामागे वेळ वाचवतो. खिसा कटरच्या व्यासाच्या तीन-चार पटींहून खोल असेल तर बाहेर काढलेला लांब कटर वाकू लागतो आणि अडचण वाढत जाते. हे सर्व पुस्तकांत आहे; परंतु तुमच्या समोरच्या भागात ते नेमके कुठे बोचणार आहे, हे मशीनवरच्या माणसाला पुस्तक न उघडता दिसते.

पत्र्याच्या कामातही तेच. २ मिमी पत्रा वाकवण्यासाठी साधारण १६ मिमी रुंदीच्या व्ही आकाराच्या डायचा (साच्याचा) वापर होतो. वाकवायची कड अकरा-बारा मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर ती डायच्या दुसऱ्या काठावर टेकतच नाही, खाचेत घसरते. वाकणाच्या फार जवळ भोक असेल तर ते ओढले जाऊन लांबट होते. म्हणून वाकणाची आतली त्रिज्या अधिक पत्र्याच्या जाडीच्या दोन-अडीच पट इतके अंतर मोकळे ठेवतात. रोलिंगच्या दिशेला समांतर वाकवलेला कठीण पत्रा बाहेरच्या बाजूने लवकर तडकतो, म्हणून पत्र्यावर आकार मांडताना तो कोणत्या दिशेने मांडायचा हे कारागीर बघतो, आणि अभियंत्याने ड्रॉइंगवर दिशा दिलेली नसेल तर पत्रा वाचेल अशी मांडणी करतो. फाउंड्रीत हाच क्रम तापमानाचा होतो. ओतकाम करणारा तुमचा आकार पाहताना मनात एकच हिशेब करत असतो, की धातू शेवटी कुठे गोठणार. जाड उंचवटा (बॉस) पातळ भिंतीला जोडलेला असेल तर पातळ भाग आधी गोठतो, जाड भागाला लागणारा धातू पोचण्याची वाट बंद होते आणि आत पोकळी राहते. तुम्ही मजबुतीसाठी वाढवलेली जाडीच भाग कमकुवत करते, ही गोष्ट त्याच्या तोंडून एकदा ऐकली की जन्मभर लक्षात राहते.

इथवरचे ज्ञान निदान प्रश्नांनी काढता येते. यापुढचे काही ज्ञान असे असते की विचारूनही मिळत नाही, कारण ज्याच्याकडे ते आहे त्यालाही ते शब्दांत सांगता येत नाही. याचे सर्वांत बोधक उदाहरण जपानमधले आहे. १९८५ च्या सुमारास ओसाकातील मात्सुशिता कंपनीत घरगुती पाव बनवणाऱ्या यंत्राचे काम चालू होते आणि यंत्राला कणीक नीट मळता येत नव्हती. पाव बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि कसलेल्या बेकरने मळलेल्या कणकेच्या क्ष-किरण प्रतिमांची तुलना करूनही काही उलगडेना. तेव्हा सॉफ्टवेअर विकसित करणाऱ्या इकुको तानाका यांनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या प्रमुख बेकरच्या हाताखाली मळणे शिकायला सुरुवात केली. तिथे त्यांच्या लक्षात आले की तो बेकर कणीक ओढताना तिला एक विशिष्ट पीळ देतो. पुढे प्रकल्पातील अभियंत्यांबरोबर सुमारे वर्षभर प्रयोग करून त्यांनी तो पीळ यंत्रात आणला, आणि त्यासाठी भांड्याच्या आत खास कडा दिल्या.

ही गोष्ट बहुधा ‘कारागिराकडे जाऊन शिका’ एवढ्यावर संपवली जाते, आणि तिचा महत्त्वाचा अर्धा भाग सुटतो. बेकरच्या हाताची हालचाल यंत्राला जशीच्या तशी करता येणार नव्हती. पीळ पडण्यासाठी कणकेचा एक भाग अडला पाहिजे आणि दुसरा फिरला पाहिजे, हे ओळखून त्या हालचालीचे पात्याचा वेग, भांड्याचा आकार आणि कडांची जागा यांत रूपांतर करणे हे अभियंत्यांचे काम होते, आणि त्याला लागलेले वर्ष शिकाऊ काळाइतकेच मोलाचे होते. कारागिराने आपले कौशल्य तुमच्या भाषेत मांडून द्यावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने हात दाखवावा, तुम्ही तो हात आपल्या हाताने करून पाहावा आणि त्यातले भौतिक कारण शोधावे. म्हणून डिझाइन करणाऱ्याने निदान एक भाग स्वतः वाकवलेला, एक वेल्ड स्वतः केलेला आणि एक आटे पाडलेले भोक स्वतः बिघडवलेले असावे, असे मला वाटते. उत्तम कारागीर व्हायला नव्हे. पुढे कोणी ‘इथे आटे पाडताना टॅप अडकतो’ म्हणाले तर ते अडकणे मनगटात आठवावे, एवढ्यासाठी.

आता दुसरा प्रश्न, ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते. अभियंत्याने कामगाराकडून शिकावे असे सगळे म्हणतात. अभियंत्याने कामगाराला काय शिकवावे याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण ते उर्मटपणाचे वाटते. प्रत्यक्षात कामगाराला एक गोष्ट कधीच मिळत नाही आणि ती फक्त तुमच्याकडे असते: कारण. ड्रॉइंगवर माप असते, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असतो, खुणा असतात. तो टॉलरन्स तसा का आहे हे कुठेही लिहिलेले नसते. हा भाग कशाला जोडला जातो, भार कोणत्या दिशेने येतो, एकदाच येतो की लाखो वेळा, पाणी कुठून शिरू शकते, हे त्याला माहीत नसते. कारण माहीत नसले की माणूस सवयीवर चालतो, आणि सवय आधीच्या कुठल्या तरी वेगळ्या भागावर बनलेली असते.

टॉलरन्सबाबत हे फार स्पष्ट दिसते. अनुभव कमी असलेला अभियंता सुरक्षिततेसाठी सगळीकडे काटेकोर मापे टाकतो. वर्कशॉपमध्ये ते ड्रॉइंग पोचते तेव्हा कामगाराला दिसते की साध्या झाकणाच्या बाहेरच्या लांबीलाही शंभरांश मिलिमीटरची मर्यादा आहे. त्यावरून तो एकच निष्कर्ष काढतो, की हे ड्रॉइंग काढणाऱ्याला काय महत्त्वाचे आहे ते ठाऊक नाही. आणि मग कोणते माप गंभीरपणे घ्यायचे ते तो स्वतः ठरवतो. कधी त्याचा अंदाज बरोबर येतो, कधी येत नाही. याउलट ड्रॉइंगवर सामान्य टॉलरन्स ठेवून, उदाहरणार्थ मध्यम श्रेणीत ३० ते १२० मिमी मापाला अधिक-उणे ०.३ मिमी, आणि ज्या तीन मापांवर सगळे अवलंबून आहे तेवढीच घट्ट ठेवून, मशीनजवळ जाऊन सांगावे की या २५ मिमीच्या भोकात बेअरिंग बसणार आहे, ते सैल झाले तर फिरून घर खाईल आणि फार घट्ट झाले तर आतल्या गोळ्यांची मोकळीक संपून ते तापेल. मग त्या भोकाची काळजी घेण्यासाठी इन्स्पेक्शनची भीती लागत नाही.

त्याच भोकाच्या निमित्ताने एक देवाणघेवाण नेहमी उपयोगी पडते. २५ मिमी भोकाला एच७ या प्रमाणित श्रेणीचा टॉलरन्स म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, आणि मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला खरी धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणजे १०० मिमी अंतरावरची दोन भोके मशीनवरून उतरताना दहा अंशांनी गरम असतील तर त्यांच्यातले अंतर २३ मायक्रॉनने जास्त भरते. त्या अंतरालाही तेवढीच मर्यादा असेल तर ती सगळी तिथेच संपली. अनुभवी मशिनिस्टला ‘गरम जॉब मोजू नये’ हे ठाऊक असते, पण किती वेळ थांबावे आणि कोणत्या मापाला थांबायची गरजच नाही, हे त्याला आकड्यांत कोणी सांगितलेले नसते. हा हिशेब पाच मिनिटांत समजावता येतो. तो समजल्यावर माझ्या ओळखीच्या एका मशिनिस्टने कामांचा क्रमच बदलला: जॉब थंड होत असताना ज्या मापांना उष्णतेने फरक पडत नाही ती कामे आधी उरकायची. ही युक्ती मला सुचली नसती, आणि आकडे हातात आल्याशिवाय त्यालाही सुचली नसती.

वेल्डिंगमध्ये कारण सांगण्याची गरज आणखी मोठी आहे, कारण तिथे चांगुलपणाच नुकसान करतो. ६ मिमी वेल्ड मागितला असताना मन लावून काम करणारा वेल्डर ८ मिमीचा घालतो. जास्त म्हणजे मजबूत, असा त्याचा सरळ विचार असतो. कोपऱ्याच्या वेल्डमधला धातू बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३६ च्या जागी ६४, जवळजवळ ७८ टक्के जास्त. तेवढी उष्णता अधिक, तेवढे आकुंचन अधिक, आणि नंतर फ्रेम वाकली म्हणून दोष डिझाइनवर. वारंवार भार येणाऱ्या भागात तर तात्पुरता आधार म्हणून टाकलेला छोटा टाका, नंतर ग्राइंडरने काढून टाकला तरी, पुढे तड सुरू होण्याची जागा ठरू शकतो. ग्राइंडिंगच्या रेषा ताणाच्या दिशेने असाव्यात, आडव्या नसाव्यात, हे सांगितले तर वेल्डर ते सहज पाळतो, कारण त्याच्या दृष्टीने त्यात काहीच जास्तीचे श्रम नाहीत. न सांगितल्यास तो ग्राइंडर आपल्या हाताला सोईचा पडेल तसा चालवतो, आणि त्याने तसे करणे गैर नाही. वेल्डरकडून तुम्हालाही तितकेच घ्यायचे असते: टॉर्च त्या कोनात पोचतो का, त्याला वेल्ड दिसतो का, आणि कोणत्या क्रमाने टाके घातले तर फ्रेम एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूने फेडते.

ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी तुटली की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण उत्पादनाचे नसून इमारतीचे आहे, पण डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने ते तपशिलात समजून घ्यावे. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी इथल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनातले दोन टांगते पादचारी मार्ग कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ कल्पनेत छतापासून निघालेल्या अखंड सळया चौथ्या मजल्याच्या मार्गाच्या तुळयांतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या मार्गाला धरणार होत्या. चौथ्या मजल्याच्या तुळईखाली नट बसवायचा तर त्याखालच्या सळईच्या साऱ्या लांबीवर आटे पाडावे लागले असते, आणि ते आटे जागेवर चढवताना खराब होण्याची शक्यता होती. पोलादकाम करणाऱ्यांनी मांडलेली ही अडचण पूर्णपणे खरी होती. त्यांनी सुचवले की एका सळईऐवजी दोन घ्याव्यात: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरी चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. बदल मंजूर झाला. मात्र पूर्वी वरच्या नटावर फक्त वरच्या मार्गाचा भार येणार होता. आता खालचा मार्गही वरच्या तुळईलाच लोंबकळू लागला आणि त्या एका सांध्यावरचा भार दुप्पट झाला. पुढच्या चौकशीत असेही निघाले की मूळ सांधासुद्धा नियमानुसार लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच पेलू शकला असता.

यातून ‘कामगारांनी ड्रॉइंग बदलू नये’ हा धडा काढणारे पुष्कळ आहेत आणि तो मला अपुरा वाटतो. सळईवर इतके लांब आटे पाडणे व्यवहार्य नाही, हे चित्र काढतानाच कळायला हवे होते आणि ते कळण्यासाठी एका फॅब्रिकेटरशी अर्धा तास बोलणे पुरे होते. दुसऱ्या बाजूला, बदल सुचवणाऱ्यांपर्यंत भार कोणत्या वाटेने जातो हे पोचलेले असते, तर दोन सळया घेतल्यावर वरच्या नटाचे काय होणार हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणालाही पडू शकला असता. त्याला गणित लागत नाही, नुसते बोट फिरवून भाराची वाट दाखवता येते. आणि मंजुरी देणाऱ्याने ते गणित करणे हे त्याचे कर्तव्यच होते. माझ्या कामात मी यावरून एक नियम ठेवला आहे: वर्कशॉपमधून आलेल्या बदलाच्या मागणीला होकार देण्यापूर्वी भाराची वाट नव्याने काढायची, आणि नकार देण्यापूर्वी मूळ अडचण खरी आहे का ते स्वतः जाऊन पाहायचे. होकार आणि नकार दोन्ही कारणासह लिहून परत पाठवायचे.

इथे एक सावधगिरी सांगतो. कारागिराबद्दलचा आदर म्हणजे त्याचे प्रत्येक म्हणणे मान्य करणे नव्हे. वर्कशॉपमध्ये जसे अस्सल ज्ञान असते तसे समजही असतात, आणि डिझाइन ऑफिसमध्येही ते कमी नसतात. बोल्टचेच घ्या. टॉर्क रेंचने (ठरावीक पिळाचे बळ, म्हणजे टॉर्क, लावणाऱ्या पान्याने) लावलेल्या बळापैकी साधारण ८५ ते ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्टमध्ये प्रत्यक्ष ताण निर्माण करायला उरलेला थोडासाच वापरला जातो. काळजी घेणारा फिटर आट्यांना तेल लावतो, घर्षण कमी होते, आणि कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला तोच टॉर्क आता बोल्टला बराच जास्त ताणतो, प्रसंगी तोडतो. यात फिटरला कारण सांगितलेले नाही आणि अभियंत्याने ड्रॉइंगवर आटे कोरडे की तेलकट हे लिहिलेले नाही. स्प्रिंग वॉशरच्या बाबतीत तर, तो लावला की बोल्ट सैल होत नाही, या एकाच समजुतीवर दोघांचे वर्षानुवर्षे एकमत होते. १९६९ मध्ये जर्मनीच्या गेरहार्ड युंकर यांनी दाखवले की बोल्ट सैल होण्याचे मुख्य कारण आडवी कंपने आहेत, आणि त्यांच्या पद्धतीच्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर सैल होणे रोखत नाही. अशा ठिकाणी अनुभव विरुद्ध पुस्तक असा वाद घालत बसू नये. एक छोटी चाचणी मांडावी, आणि ती मांडताना ज्याचे म्हणणे तपासायचे आहे त्याच्याच हातात पाना द्यावा.

जोडणी करणाऱ्या कामगारांकडून शिकण्याची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे बोलण्यापेक्षा पाहणे जास्त देते. पहिला नमुना तयार झाला की तो स्वतः जोडून दाखवण्याचा मोह टाळावा. सुटे भाग टेबलावर ठेवावेत, सूचना देऊ नयेत, आणि जोडणारा काय करतो ते पाहावे: भाग हातात घेऊन किती वेळा फिरवतो, कुठे तिसऱ्या हाताची गरज पडते, कोणता स्क्रू लावताना मान वाकडी करावी लागते, कोणता भाग उलटाही बसतो. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. भाग एक तर पूर्ण सममित असावा, म्हणजे कसाही बसवला तरी चालेल, किंवा त्याची असममिती ठळक असावी, म्हणजे चुकीचा बसणारच नाही. एका बाजूचे भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलेले असा मधला प्रकार हा भविष्यातल्या रिवर्कचा हुकमी स्रोत असतो. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात सुचवलेला उपाय प्रसिद्ध आहे. एका स्विचमध्ये दोन बारीक स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. लक्ष द्या असे बजावून काही होत नव्हते. शिंगो यांनी जोडणीपूर्वी दोन स्प्रिंगा एका लहान तबकडीत काढून ठेवण्याची पायरी घातली. जोडणी संपल्यावर तबकडीत स्प्रिंग उरली तर विसर तिथल्या तिथे दिसतो. मला यात उपायापेक्षा निदान आवडते: विसरणे हा माणसाचा दोष न मानता कामाच्या मांडणीचा दोष मानला गेला.

आता थोडे अवघड विषयाकडे. ज्ञान न मिळण्याची अर्धी कारणे तांत्रिक नसतातच. नगावर मजुरी मिळणारा कामगार तुमच्याशी वीस मिनिटे बोलला तर त्याचे पैसे कापले जातात. तुमचे जात नाहीत. सुपरवायझर शेजारी उभा असताना ‘हे जमणार नाही’ म्हणणे काम टाळण्यासारखे ऐकू येते. आणि मागच्या वेळी त्याने सुचवलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावाने सादर झाली असेल तर तो या वेळी तोंड उघडणार नाही. यांवर सद्भावना पुरत नाही, व्यवस्था लागते. चर्चेचा वेळ जॉबच्या वेळेत नोंदवून घ्या. बोलणे बैठकीच्या खोलीत न करता मशीनजवळ करा, शक्यतो जुना, बिघडलेला किंवा नमुन्याचा भाग हातात घेऊन, कारण वस्तूवर बोट ठेवून बोलताना कोणाचा हुद्दा मोठा हे काही काळ मागे पडते. बदलाच्या नोंदीत सुचवणाऱ्याचे नाव लिहा. सूचना नाकारलीत तर त्याच आठवड्यात जाऊन कारण सांगा. नकाराने माणसे जितकी दुरावत नाहीत तितकी उत्तर न मिळाल्याने दुरावतात, असा माझा अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी विचार करणे नियोजन विभागाकडे आणि करणे कामगाराकडे अशी जी विभागणी रुजवली, तिचे काही फायदे झालेच. पण त्या विभागणीत कामगाराच्या डोक्यातले परत डिझाइनकडे येण्याची वाट कोणी ठेवली नव्हती, आणि ती आपल्याला आजही हाताने खोदावी लागते. ती वाट असली की काय घडते याचा दाखला त्याआधीचाच आहे. १८४१ मध्ये इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण मांडले, तेव्हा त्यांनी कोरा कागद घेतला नव्हता. इंग्लंडमधल्या अनेक वर्कशॉपांतून स्क्रूचे नमुने गोळा करून त्यांच्या सरासरीवर ते प्रमाण बेतले होते.

दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला बहुतेक कंपन्या या चर्चेत बोलावतच नाहीत. भाग कुठे झिजतो, कोणते झाकण काढताना नेहमी तुटते, कोणत्या बोल्टपर्यंत पोचण्यासाठी अर्धे यंत्र उघडावे लागते, हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. वर्षातून काही दिवस त्याच्याबरोबर फिरा, एवढेच सांगतो.

शेवटी दूरच्या पुरवठादाराचा प्रश्न. मशीनजवळ उभे राहता येत नाही तेव्हा ड्रॉइंगलाच दोन्ही बाजूंचे बोलणे करावे लागते. पहिली गोष्ट, कारण ड्रॉइंगवर लिहा. ‘या पृष्ठभागावर रबरी सील बसते, आडवा ओरखडा चालणार नाही’ हे एक वाक्य पृष्ठभागाच्या चिन्हापेक्षा जास्त काम करते. दुसरी, जिथे तुम्हाला फरक पडत नाही तिथे मोकळीक स्पष्टपणे द्या: ‘कोपऱ्याची त्रिज्या ५ ते ८ मिमीमध्ये बनवणाऱ्याच्या सोईने’. अशी मोकळीक दिसली की पुरवठादाराला कळते की इतर ठिकाणचा आग्रह खरा आहे. तिसरी, भाव मागतानाच त्याला विचारा की हा भाग स्वस्त किंवा सोपा करण्यासाठी तो काय बदलेल, आणि त्याचे उत्तर विक्री प्रतिनिधीकडून न घेता सेटिंग करणाऱ्या माणसाकडून यावे असा आग्रह धरा. पहिल्या नगाबरोबर फक्त मापांचा तक्ता न मागता फिक्स्चरमध्ये (जॉब धरण्याच्या चौकटीत) धरलेल्या जॉबची छायाचित्रे मागा. भाग कुठे दाबून धरला आहे हे पाहिले की कोणते माप पुढे हलणार याचा अंदाज बसतो. आणि परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी दंडाची अट घालणार असाल तर तिच्या शेजारीच बदल विचारण्यासाठी एका माणसाचे नाव, त्याचा फोन नंबर आणि दोन दिवसांत उत्तर देण्याची हमी लिहा. ही दुसरी ओळ नसेल तर पहिली अट बदल थांबवत नाही, फक्त ते लपवायला शिकवते.